संशोधनाची यादी आणि तिचे वजन

मराठीच्या प्राध्यापकांच्या बैठकीत गेली काही वर्षे एक तक्रार हमखास ऐकू येते. शोधनिबंध मोजण्याची रीत विज्ञानशाखांतून आली आणि ती भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या गळ्यात बांधली गेली, अशी ती तक्रार. प्रयोगशाळेतून वर्षाला पाच-सहा निबंध निघत असतील. पण एखाद्या कवीची समग्र कविता नीट वाचायलाच पाच-सहा वर्षे लागतात. मग दोघांना एकच गज कसा लावता, असा युक्तिवाद असतो. यातला उत्तरार्ध मला मान्य आहे. पूर्वार्ध मात्र तपासून पाहायला हवा. विज्ञानातील थोर कर्तृत्व खरोखरच निबंधांच्या संख्येवर उभे राहिले आहे काय? या प्रश्नासाठी मी एका रसायनशास्त्रज्ञाची कारकीर्द समोर ठेवतो. हेरमान स्टाउडिंगर (१८८१–१९६५) हे त्यांचे नाव. पॉलिमर-रसायनाचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात.

पॉलिमर म्हणजे काय, हे साहित्याच्या वाचकाला थोडक्यात सांगायला हवे. मराठी विश्वकोशाने त्याला 'बहुवारिक' असा शब्द योजला आहे. एकाच प्रकारचा छोटा घटक शेकडो, हजारो वेळा एकाला एक जोडत गेला की जी लांब साखळी तयार होते ती बहुवारिक. रबर, कापसातील सेल्युलोज, नायलॉन, पॉलिथिन, सारे याच जातीचे. आज शाळेच्या पुस्तकात असलेली ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी जवळजवळ पाखंड समजली जात होती.

स्टाउडिंगर जन्माने जर्मनीतल्या वर्म्स गावचे. त्यांचे वडील फ्रान्झ हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. मुलाचा ओढा मुळात वनस्पतिशास्त्राकडे होता. आधी रसायन पक्के करावे, या सल्ल्यावरून तो रसायनाकडे वळला आणि तिथेच राहिला. १९०३ मध्ये हाले येथे डॉक्टरेट, नंतर स्ट्रासबुर्ग येथे योहानेस थीले यांच्याकडे काम. तिथे १९०५ मध्ये त्यांनी 'कीटीन' नावाच्या संयुगांचा एक नवा वर्ग शोधून काढला. १९१२ मध्ये या विषयावर त्यांचा ग्रंथ आला, आणि त्याच वर्षी झुरिकच्या विख्यात तंत्रविद्यापीठात रिशार्ड व्हिलश्टेटर यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. १९१९ मध्ये त्यांनी वर्णन केलेली एक अभिक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. महायुद्धाच्या टंचाईच्या काळात मिरी आणि कॉफीच्या गंधाला कृत्रिम पर्याय शोधण्याचे कामही त्यांनी केले. म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर या गृहस्थांपाशी मानाचे पद, नावावरचा शोध आणि भरघोस यादी असे सगळे होते. ती यादी तशीच लांबवत राहिले असते तरी आयुष्य सन्मानात गेले असते.

१९२० मध्ये त्यांनी जर्मन रसायन परिषदेच्या नियतकालिकात 'बहुवारिकीकरणाविषयी' अशा अर्थाच्या साध्या शीर्षकाचा एक निबंध छापला. त्यात मोठा प्रयोग नव्हता. होते ते एक विधान. रबर किंवा पॉलिस्टायरीन यांसारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे कसल्यातरी गूढ ओढीने जमलेले पुंजके नव्हेत. इतर कोणत्याही रेणूत जे बंध असतात त्याच साध्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या त्या लांबच लांब साखळ्या आहेत, असे ते विधान होते.

हे कुणाला रुचले नाही. त्या काळचे प्रस्थापित मत असे की शुद्ध केलेल्या पदार्थाचे रेणू लहानच असतात. रबराचे द्रावण दाट, चिकट होते ते लहान रेणूंची गर्दी एकत्र आल्यामुळे. कार्ल हॅरिएस यांनी रबर म्हणजे लहान कड्यांचा समुदाय असे मांडले होते. त्या कड्यांना एकत्र धरणारे बळ दुहेरी बंधांतून उरलेल्या 'आंशिक' संयुजेचे, असा समज होता. आणि ही आंशिक संयुजेची कल्पना मूळ कुणाची, तर स्टाउडिंगर यांचे मार्गदर्शक थीले यांची. आपल्याकडच्या गुरुपरंपरेत याला काय म्हटले गेले असते, याची कल्पना वाचकांनी करावी.

स्टाउडिंगर यांनी या मताची परीक्षा कशी केली, ती पाहण्यासारखी आहे, कारण तीत उत्तम समीक्षेतील युक्तिवादाची तऱ्हा आहे. कड्या एकत्र राहतात त्या दुहेरी बंधांच्या ओढीमुळे, असे तुम्ही म्हणता ना? मग ते दुहेरी बंधच काढून टाकू. रबरात हायड्रोजन मिसळून दुहेरी बंध भरून काढले, तर तुमच्या मताप्रमाणे पुंजका विस्कटायला हवा आणि सहज उडून जाणारा हलका पदार्थ हाती यायला हवा. १९२२ मध्ये याकोब फ्रित्शी यांच्यासह त्यांनी हा प्रयोग छापला. हायड्रोजन भरलेले रबर मुळीच विस्कटले नाही. ते पूर्वीसारखेच दाट द्रावण देत राहिले. याच निबंधात 'माक्रोमोलेक्यूल', म्हणजे महारेणू, हा शब्द प्रथम आला. प्रतिपक्षाचे गृहीत त्याच्याच शब्दांत स्वीकारायचे आणि ते शेवटपर्यंत नेऊन काय होते ते दाखवायचे, ही रीत आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या शिस्तीपासून फार दूर नाही.

तरीही पटले नाही ते नाहीच. स्फटिकशास्त्रज्ञ म्हणत, क्ष-किरणांनी दिसणारा स्फटिकाचा एकक-कोश एवढासा असताना रेणू त्याहून मोठा कसा असेल? १९२६ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथील सभेत स्टाउडिंगर जवळजवळ एकटे पडले होते. रेणू एकक-कोशापेक्षा मोठा असू शकतो, एवढे तरी हेरमान मार्क यांनी तिथे मान्य केले. हाइनरिश वीलांट यांच्यासारख्या, पुढे १९२७ चे नोबेल मिळालेल्या, रसायनशास्त्रज्ञाने स्टाउडिंगर यांना स्नेहाने सुचवले होते की महारेणूंचा नाद सोडा, पदार्थ नीट शुद्ध करा, ते आपोआप लहान रेणूंचे ठरतील. ही हकिकत स्टाउडिंगर यांनी १९६१ मधील आपल्या कार्यस्मृतींत नोंदवली आहे.

आता त्यांच्या प्रकाशनांच्या यादीकडे या. ती फार मोठी आहे, शेकड्यांत जाणारी. पण ती उघडली की एक गोष्ट लगेच लक्षात येते: तीत मालिका आहेत. १९२२ चा तो निबंध 'आयसोप्रीन आणि रबर' या मालिकेतले पाचवे टिपण म्हणून आला. पुढे बहुवारिकांवरची क्रमांकित टिपणे वर्षानुवर्षे येत राहिली. एका टिपणात एक आक्षेप, पुढच्यात त्याचे उत्तर, त्यापुढच्यात तीच कसोटी दुसऱ्या पदार्थाला लावून पाहणे. सेल्युलोजचे रासायनिक रूप बदलावे, साखळीची लांबी कायम राहते का ते पाहावे, पुन्हा मूळ रूपात आणावे आणि पुन्हा मोजावे. वाचणाऱ्याला कंटाळा येईल इतके हे सारे एका जागी खिळलेले आहे. विखुरलेली टिपणे पुरेशी झाली तेव्हा १९३२ मध्ये त्यांनी रबर आणि सेल्युलोज यांना मध्यवर्ती ठेवून उच्चरेणवीय संयुगांवर मोठा ग्रंथ लिहिला.

मराठी वाचकाला इथे राजवाडे आठवावेत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा, आणि ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. खंडांचा क्रमांक ही तिथे गुणांची बेरीज नव्हती. आधीच्या खंडात काय अपुरे राहिले याची ती नोंद होती. आज एखाद्या तरुण अध्यापकाने त्याच विषयावर सातवा निबंध लिहिला तर 'पुन्हा तेच?' असे विचारले जाते, आणि सात वेगवेगळ्या विषयांवर, सात वेगवेगळ्या चर्चासत्रांच्या संकलनांत, सात वरवरचे निबंध लिहिले तर त्याची व्याप्ती वाखाणली जाते. मला यात उलटा न्याय दिसतो.

यादीविषयी आणखी एक गोष्ट. साहित्याच्या वर्गात मार्टिन हायडेगर हे नाव आपण आदराने घेतो. अस्तित्ववादी समीक्षेच्या प्रत्येक टिपणात ते असते. १९३३-३४ मध्ये हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचे रेक्टर होते आणि स्टाउडिंगर १९२६ पासून त्याच विद्यापीठात रसायनाचे प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात स्टाउडिंगर यांनी झुरिकहून युद्धाविरुद्ध लिहिले होते. तंत्रज्ञान आणि युद्ध यांच्या संबंधावरचा त्यांचा १९१७ मधील लेख शांततावादी नियतकालिकात आला होता, आणि विषारी वायूंच्या प्रश्नावरून त्यांचे फ्रिट्झ हाबर यांच्याशी जाहीर वितुष्ट आले होते. हायडेगर यांनी हा जुना इतिहास नाझी अधिकाऱ्यांच्या कानावर घातला, चौकशी सुरू झाली, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांनी स्टाउडिंगर यांच्या बडतर्फीची शिफारस केली. पुढच्या महिन्यात, परदेशातील प्रतिक्रियेचा विचार करून, ती शिफारस त्यांनी सौम्य केली. स्टाउडिंगर यांच्याकडून राजीनामा लिहून घेण्यात आला आणि तो टांगता ठेवण्यात आला. हूगो ओट या इतिहासकाराने १९८० च्या दशकात ही कागदपत्रे उजेडात आणली.

याच सुमारास स्टाउडिंगर यांनी जर्मन राष्ट्रासाठी रसायनशास्त्राचे महत्त्व सांगणारा एक लेख वृत्तपत्रासाठी लिहिला. मान सुरीखाली असताना लिहिलेला तो लेख आहे. यादीत १९१७ चा लेख एक ओळ व्यापतो, १९३४ चाही एक ओळ व्यापतो. दोन्हींची किंमत यादीला कळत नाही. ती कळण्यासाठी दोन्ही वाचावे लागतात, आणि मधली सतरा वर्षेही वाचावी लागतात. स्टाउडिंगर यांना हुतात्मा ठरवण्याचा माझा हेतू नाही. ते तसे नव्हतेही.

त्यांना सदा बरोबर ठरवण्याचेही कारण नाही. साखळ्या आहेत, हे त्यांचे मुख्य म्हणणे खरे ठरले. पण त्या साखळ्या काठीसारख्या ताठ असतात, असाही त्यांचा आग्रह होता. द्रावणाच्या दाटपणावरून साखळीची लांबी काढण्याचे १९३० मधील त्यांचे सूत्र सरळ प्रमाणाचे होते आणि त्यांनी ते या ताठ काठीच्या चित्राशी जोडले. साखळ्या प्रत्यक्षात लवचिक असतात, गुंडाळ्यासारख्या वळतात, हे वेर्नर कून, मार्क आणि नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले आणि ते सूत्र दुरुस्त करावे लागले. मार्क आणि कुर्ट मायर हे खरे तर त्यांच्या बाजूला येऊ लागलेले लोक. पण त्यांच्याशीही स्टाउडिंगर वर्षानुवर्षे भांडत राहिले. एकट्याने लढण्याची सवय झालेल्या माणसाला मित्रसैन्य ओळखू येत नाही, असे म्हणायचे का? कदाचित. त्यांना नोबेल मिळाले ते १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. मूळ निबंधाला तेव्हा तेहतीस वर्षे झाली होती. दरम्यान २७ नोव्हेंबर १९४४ च्या हवाई हल्ल्यात फ्रायबुर्गची त्यांची संस्था उद्ध्वस्त झाली होती. युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्यांनी महारेणवीय रसायनाला वाहिलेले नियतकालिक नव्याने उभे केले.

या साऱ्यात माग्दा स्टाउडिंगर यांचे नाव राहून जाते. त्या लॅटव्हियाच्या, वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक. १९२८ मध्ये विवाह झाल्यापासून पतीच्या संशोधनात त्या सहकारी होत्या आणि काही निबंधांवर त्यांचे नावही आहे. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधाचे सत्तर-सत्तर टक्के गुण दोघांना मिळतात, तिघे झाले की मुख्य लेखकाला सत्तर आणि इतरांना तीस. त्या प्रयोगशाळेतील जेवणाच्या टेबलावर जे बोलणे झाले असेल त्याचे किती टक्के, हे कुणी सांगावे!

स्टाउडिंगर यांच्या शेजारी अमेरिकेतील वॉलेस कॅरदर्स यांना ठेवून पाहा. १९२८ मध्ये हार्वर्ड सोडून ते ड्यूपाँ कंपनीत गेले, आणि १९२९ व १९३१ मध्ये त्यांनी बहुवारिकीकरणावर जे दोन मोठे लेख लिहिले त्यांनी या शाखेची परिभाषा घडवली. १९३५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. पण कंपनीत केव्हा छापायचे आणि केव्हा गप्प बसायचे हे पेटंट ठरवते. कॅरदर्स यांनी एप्रिल १९३७ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, दीर्घ नैराश्यानंतर जीवन संपवले. कृत्रिम धाग्याचे त्यांच्या नावावरचे पेटंट सप्टेंबर १९३८ मध्ये मंजूर झाले आणि पुढच्या महिन्यात जगाने नायलॉन हे नाव ऐकले. जेमतेम नऊ वर्षांची ही पॉलिमर-कारकीर्द. स्टाउडिंगर यांच्या यादीशेजारी ती आखूड दिसते, आणि तिचे वजन कुणी कमी म्हणणार नाही.

वजन हा शब्द मी मुद्दाम वापरला. इथे रसायनशास्त्राने आपल्याला एक उपयुक्त गोष्ट देऊन ठेवली आहे. कॅरदर्स यांच्या हाताखाली १९३४ मध्ये पॉल फ्लोरी नावाचा तरुण रुजू झाला. पुढे १९७४ मध्ये त्यालाही नोबेल मिळाले. पात्रात साखळ्या तयार होतात तेव्हा त्या साऱ्या एका लांबीच्या नसतात. काही आखूड, काही मध्यम, काही फार लांब. मग 'या पॉलिमरची लांबी किती' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे? सरासरी. पण कोणती? फ्लोरी यांनी १९३६ मध्ये या वाटणीचे गणित मांडले. एक सरासरी संख्येची: सर्व साखळ्या समान मानायच्या, आखूड काय नि लांब काय, प्रत्येकीला एक मत. दुसरी सरासरी वजनाची: ज्या साखळीत जितका माल तितका तिचा आवाज मोठा. नायलॉनसारख्या पदार्थात अभिक्रिया नव्व्याण्णव टक्के पुरी झाली असेल तर संख्येची सरासरी शंभर कड्यांची येते आणि वजनाची एकशे नव्व्याण्णव. पदार्थ तोच, पात्र तेच. याहून विलक्षण गोष्ट अशी की संख्येने मोजले तर कोणत्याही टप्प्यावर सर्वांत बहुसंख्य असतात त्या एकट्या, न जोडलेल्या कड्या. धाग्याला ताण सहन करण्याचे बळ मात्र लांब साखळ्यांमुळे येते.

हेच आपल्या यादीला लावून पाहा. समजा, एका अध्यापकाची दहा प्रकाशने आहेत: चार-चार पानांचे नऊ लेख आणि तीनशे चौसष्ट पानांचा एक ग्रंथ. एकूण पाने चारशे. संख्येची सरासरी चाळीस पाने. वजनाची सरासरी काढली तर सुमारे तीनशे बत्तीस. पहिला आकडा सांगतो की हा किरकोळ लेखन करणारा माणूस आहे. दुसरा सांगतो की याच्या लेखनाचे कोणतेही पान उघडले तर ते बहुधा एका मोठ्या कामातले निघेल. दोन्ही आकडे खरे आहेत. पानांची संख्या म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. जाड पुस्तकांचा आपल्याकडे तोटा नाही. मुद्दा एवढाच की पॉलिमर-रसायनाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दोन्ही सरासऱ्या मागतो, आणि त्या दोहोंत अंतर किती हेही विचारतो, कारण पदार्थाचा स्वभाव त्या अंतरात असतो. परासरण दाबाच्या मोजणीतून एक सरासरी कळते, प्रकाशाच्या विकिरणातून दुसरी. एकाच साधनावर तो विसंबत नाही.

आपल्याकडे काय झाले? २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे गुणांक आणले. २०१८ च्या नियमावलीतील तक्त्यात भाषा आणि मानव्यविद्यांसाठी मान्य नियतकालिकातील एका शोधनिबंधाला दहा गुण ठेवले गेले. आणि राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या स्वतंत्र ग्रंथालाही दहाच. संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादाला आठ. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या ग्रंथाला १९८७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो ग्रंथ या तक्त्यात घातला तर त्याच्या वाट्याला एका निबंधाइतके गुण येतात. संख्येची सरासरी याहून शुद्ध रूपात क्वचितच पाहायला मिळेल.

ही मोजणी विज्ञानाने आणली, हे म्हणूनच मला पटत नाही. विज्ञानातील माणसांनाही तीच जाचते आहे. ही रीत कारकुनी आहे: ज्यांना वाचायला वेळ नाही अशांना निर्णय घेता यावा म्हणून काढलेली. अर्थात तिची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. मोजणी नव्हती त्या काळी सगळे वाचून ठरत होते, असे कुणी म्हणेल तर तो भाबडेपणा होईल. सेवाज्येष्ठता, जवळीक, जात, गट यांवर पदे ठरत होती, आणि आकड्याने निदान काही बाहेरच्यांना आत येण्याची वाट दिली. हे ऋण मान्य करूनच बोलले पाहिजे. पण आकडा आला तसा त्याचा बाजारही आला. पैसे भरा, निबंध छापा. त्याला आळा म्हणून आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी केली, आणि तीही बंद करत असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. या दशकभराच्या खटाटोपात निबंध वाचावा, ही सूचना कुठेच नव्हती.

माझ्या परिचयातील एका अध्यापिकेने महानुभाव परंपरेतील एका हस्तलिखिताच्या पाठांवर अकरा वर्षे काम केले. पदोन्नतीच्या मुलाखतीत समितीतील एकाने त्यांना विचारले, मधल्या वर्षांत काही केलेले दिसत नाही? त्या मधल्या वर्षांत त्या पाठ ताडून पाहत होत्या. हा प्रश्न विचारणारे गृहस्थ साहित्याचेच होते, हे मुद्दाम सांगायला हवे. प्रशासनाने गज दिला असेल. तो हातात धरून फिरतो आहोत आपणच.

भाषेचाही प्रश्न यात गुंतलेला आहे. स्टाउडिंगर यांनी आपला वाद जर्मनमध्ये लढवला. महारेणूचा शब्दही त्यांनी जर्मनमध्येच घडवला, आणि मग तो जगभर गेला. तेव्हाची जर्मन ही विज्ञानाची समर्थ भाषा होती. मराठीची तुलना तिच्याशी होत नाही. पण शब्द घडवण्याचे काम मराठीतही झाले आहे. 'बहुवारिक', 'एकवारिक' हे शब्द ज्यांनी योजले, ज्यांनी विश्वकोशात रबर आणि प्लॅस्टिक यांवर नोंदी लिहिल्या, त्यांनी रसायनही जाणले होते आणि मराठीही. पुण्यात १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली आणि पॉलिमर-संशोधन हे तिचे एक बलस्थान बनले. रघुनाथ माशेलकर, स्वामिनाथन शिवराम यांच्यासारखे या विषयातले अभ्यासक तिचे संचालक होऊन गेले. म्हणजे ज्या शहरात मराठी समीक्षेची मासिके निघत होती त्याच शहरात साखळ्यांची लांबी मोजली जात होती. या दोन जगांना जोडणारे लेखन कोशातल्या नोंदीत झाले. गुणांच्या तक्त्यात कोशातील नोंदीसाठी स्वतंत्र रकाना मला सापडला नाही.

यावर उपाय काय, असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण हाताशी आहे आणि तेही स्टाउडिंगर यांच्याच देशातले. जर्मन संशोधन परिषदेने २०१० मध्ये असा नियम केला की अर्जदाराने आपल्या व्यक्तिवृत्तात फार तर पाच प्रकाशने द्यावीत. बाकीची कितीही असोत, ती सांगू नयेत. त्या नियमामुळे तेव्हा अर्जदाराला स्वतःच्या कामातून निवड करावी लागे, आणि पाचच असल्यामुळे परीक्षकाला 'वाचायला वेळ नव्हता' ही सबब उरत नसे. आपल्या निवड समित्यांनी अशा पाचाऐवजी तीन कृती मागाव्यात, त्या उमेदवाराने एका पानात एकमेकींशी जोडून दाखवाव्यात, आणि समितीतील प्रत्येकाने मुलाखतीपूर्वी त्या वाचल्याचे लेखी टिपण द्यावे, अशी माझी सूचना आहे. कोशनोंद, पाठसंपादन, अनुवाद यांपैकी काहीही त्या तिनांत चालावे. याला पैसे लागतील, कारण वाचनाचे मानधन द्यावे लागेल. आणि आज एका दिवसात वीस उमेदवार हातावेगळे करणाऱ्या समितीला चार तरी दिवस लागतील. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांवर आपल्यापैकी अनेक जण आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.